देवाने सांगितलं म्हणून चांगलं, की चांगलं म्हणून देवाने सांगितलं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. त्यांचं म्हणणं असं की कॉलेजातले हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, मानवतावाद आणि नीतिशास्त्र आणि धर्मचिकित्सा शिकवणारे, हे सगळं पश्चिमेकडून आणलेलं खूळ आहे, या लोकांना देव नको धर्म नको, आणि धर्म सुटला की नीती उरतच नाही, तेव्हा कॉलेजांमधून हा विषय बंद पडतोय ते बरंच होतंय. पत्र मी दोनदा वाचलं. राग आला, पण वाईट जास्त वाटलं कारण लिहिणारा माणूस मनापासून लिहितोय हे कळत होतं, त्यांना खरंच काळजी आहे की पोरं बिघडतील. अशा माणसाला नीट उत्तर दिलं पाहिजे असं वाटलं म्हणून लिहायला बसले. लांबलं तर कापा, पण माझ्या आजोबांचं, आबांचं, तेवढं राहू द्या.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर झाले. बी.ए. ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, ऐंशीच्या दशकातली गोष्ट, तालुक्याचं कॉलेज, वर्गात आम्ही सात जण. पहिल्या तासाला सर आले, फळ्यावर काही लिहिलं नाही, खडू नुसता बोटात फिरवत उभे राहिले आणि विचारलं, माळकरी घरातलं कोण आहे इथे? मी हात वर केला. म्हणाले, घरात मटण शिजत नाही ना? का शिजत नाही? मी म्हणलं, सर चालत नाही. कुणाला चालत नाही? विठोबाला. मग सर म्हणाले, बरं, आता मला सांग, विठोबाला चालत नाही म्हणून ते वाईट, की ते वाईट आहे म्हणून विठोबाला चालत नाही?

सगळा वर्ग गप्प. मला तर घामच फुटला, एकतर पहिला दिवस आणि त्यात हे असलं कधी कोणी विचारलेलंच नव्हतं. सर म्हणाले, आज उत्तर नकोय, घरी जाऊन विचारून या.

घरी आले तर आजोबा, आम्ही आबा म्हणायचो, ओट्यावर बसून शेंगा फोडत होते, पेरणी तोंडावर आलेली, बियाण्याच्या शेंगा हातानेच फोडायच्या असतात, टपोरा दाणा एका सुपात आणि बारका, सुरकुतलेला दुसऱ्या सुपात. मी दप्तर ठेवून सरळ प्रश्न विचारला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे बघितले, टाकले सुपात आणि म्हणाले, "आगं इठोबा कवा बोललाय का कुणाशी? अठ्ठावीस युगं कमरंवर हात ठिवून गप हुबा हाय. बोलतो ते आपुन, त्याच्या नावानं." मला वाटलं झालं उत्तर, मी उठायला लागले, तर थोड्या वेळाने परत म्हणाले, "वाईट हाय म्हणूनच त्याला चालत नसंल. उद्या कुणी ईवून म्हणला की इठोबानं शेजाऱ्याचं घर जाळाया सांगितलंय, तर मी म्हणंन तू खोटं बोलतुयास, माझा इठोबा आसं सांगायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सर टेबलाच्या कडेला बसले आणि म्हणाले, तुझ्या आजोबांनी चोवीसशे वर्षांपूर्वीचा प्रश्न सोडवत आणलाय. मग त्यांनी अथेन्समधली गोष्ट सांगितली. सॉक्रेटिस कोर्टाच्या आवाराशी आलाय कारण त्याच्यावर खटला झालाय, तिथे त्याला युथिफ्रो भेटतो, हा स्वतःच्या बापावर मनुष्यवधाची फिर्याद घेऊन आलेला आणि देवाला काय आवडतं हे मला पक्कं माहितीय असं म्हणणारा. सॉक्रेटिस त्याला विचारतो, देवांना आवडतं म्हणून ते पवित्र की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं. सॉक्रेटिसचा शिष्य प्लेटो, त्याने तो सगळा संवाद लिहून ठेवलाय. आणि सॉक्रेटिसवर खटला कशाचा होता तर गावाचे देव मानत नाही आणि तरुण पोरांना बिघडवतो. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याला विषाचा पेला प्यावा लागला. पत्र लिहिणाऱ्या काकांना हे मी टोमणा म्हणून सांगत नाहीये, त्यांची जी काळजी आहे ती फार जुनी आहे, अथेन्सच्या आईबापांनाही ती होती, आणि म्हणूनच तिचा विचार शांतपणे करायला पाहिजे.

आता आबांच्या बोलण्यात काय आहे ते बघा. शेजाऱ्याचं घर जाळणं वाईट हे त्यांना विठोबाला न विचारता माहीत आहे. उलट त्या माहितीवरून ते ठरवतात की कोणता निरोप विठोबाचा असू शकतो आणि कोणता नाही. म्हणजे नीती आधी, आणि देवाच्या नावाने आलेल्या प्रत्येक गोष्टीची परीक्षा तिच्यावर. एवढं बोलून आबांची श्रद्धा गेली का? अजिबात नाही, गुडघे चालेनात तोवर वारी केली, शेवटच्या आजारपणात माळ हातात होती. प्रश्न विचारला की श्रद्धा जाते ही भीती मला तरी आमच्या घरात खरी झालेली दिसली नाही, ज्याची श्रद्धा दुसऱ्याला दाबायच्या कामाची असते त्याची अडचण होते हे मात्र दिसलंय.

आता ते पश्चिमेच्या खुळाचं. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय कारण आम्ही वाईजवळचे. महाराष्ट्रात मानवतावाद हा शब्द ज्यांनी रुजवला त्यातले एक मोठे माणूस म्हणजे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, जन्म १९०१, धुळ्याकडचं पिंपळनेर, आणि शिकायला आले वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, नारायणशास्त्री मराठे म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती यांच्याकडे. न्याय, मीमांसा, वेदान्त, सगळं संस्कृतातून. हा माणूस इंग्रजी कॉलेजात बसून बिघडला असं कोणाला म्हणता येणार नाही. गांधीजींनी अस्पृश्यतेविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा अस्पृश्यतेला शास्त्रात आधार नाही हे शास्त्रानेच मांडून दाखवायला याच शास्त्रीबुवांची मदत झाली. १९३३ साली पुण्यात गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांचं लग्न झालं, मुलगी ब्राह्मण आणि मुलगा वैश्य, म्हणजे जुन्या भाषेत प्रतिलोम, सनातनी मंडळींच्या दृष्टीने तर होऊच शकत नाही असं लग्न, त्या लग्नाचं पौरोहित्य तर्कतीर्थांनी केलं. मंत्र म्हणायला तेच आणि मंत्रांचा अर्थ कोणाच्या बाजूने लावायचा हे ठरवणारेही तेच. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबर गेले, हे रॉय आधी कम्युनिस्ट क्रांतिकारक होते. रॉय यांनी १९४६ साली नवमानवतावादाचे २२ सिद्धांत मांडले, आणि १९४८ च्या शेवटी स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष स्वतःहून विसर्जित केला कारण सत्तेच्या मागे लागलेल्या पक्षातून हे काम होणार नाही असं त्यांना वाटायला लागलं होतं. आपल्या सासवडचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे त्याच गटातले. त्याच तर्कतीर्थांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या पुस्तकाला १९५५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, मराठीतला पहिलाच. वेदांचा अभ्यास आणि मानवतावाद एकाच डोक्यात सुखाने राहत होते, वाईला कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर.

मानवतावाद म्हणजे गरिबाला ब्लँकेट वाटणं एवढाच अर्थ आता राहिलाय, फ्लेक्सवर पण तेवढंच असतं. ब्लँकेट वाटावं, चांगलंच आहे. पण या मंडळींच्या लेखी त्याचा अर्थ जास्त कडक होता. माणसाच्या बऱ्यावाइटाचा हिशेब माणसानेच मांडायचा, तो देवावर, नशिबावर, जातीवर, राष्ट्रावर किंवा इतिहासाच्या प्रवाहावर ढकलून मोकळं व्हायचं नाही, आणि कुठल्याही मोठ्या गोष्टीसाठी जिवंत माणूस बळी द्यायचा नाही. हे बोलायला सोपं आणि पाळायला फार अवघड आहे, मी चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलाय, मला विचारा.

काका म्हणतात धर्म सोडला की नीती उरत नाही. हा वाद मराठीत झालेला आहे, आणि इतका चांगला झालाय की तो वाचायला मिळावा म्हणून तरी लोकांनी मराठी शिकावी असं मला वाटतं. एका बाजूला प्रा. दि. य. देशपांडे, विदर्भातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पक्के विवेकवादी, देव न मानणारे. रिटायर झाल्यावर आराम करायचा तर त्यांनी १९९० साली नागपुरातून मासिक काढलं, आगरकरांच्या 'सुधारका'ची आठवण म्हणून 'नवा सुधारक', तेच पुढे 'आजचा सुधारक' झालं. त्यात ते विवेकवादावर महिनोन्महिने लिहायचे, साधं स्वच्छ मराठी, एक शब्द जास्त नाही, खरं काय आणि ते आपल्याला कळतं कसं, चांगलं काय आणि ते चांगलं कशावरून, असं पायरी पायरीने. दुसऱ्या बाजूला प्रा. मे. पुं. रेगे, मुंबईत कीर्ती कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, मग वाईच्या 'नवभारत' मासिकाचे संपादक, तर्कतीर्थांच्या नंतर मराठी विश्वकोशाचे अध्यक्ष. पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिणारा हा माणूस स्वतःला आस्तिक म्हणवायचा. त्यांचा आग्रह असा की धार्मिक परंपरा टाकून देऊन समाज बदलत नाही, परंपरेच्या आत जे चांगलं आहे त्याचा हात धरून तिच्यातलं वाईट बदलावं लागतं. देशपांड्यांना हे पटत नव्हतं. नीतीला देवाच्या टेकूची गरज नाही आणि टेकू दिला तर तो एक दिवस डोक्यावर पडतो, असा त्यांचा एकूण रोख, हे शब्द माझे आहेत. दोघे वयाने ज्ञानाने मोठे, आणि मतं अशी उत्तर दक्षिण.

मला या वादातलं सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू का? दुसऱ्याचं म्हणणं तो स्वतः मांडेल त्यापेक्षा चांगलं मांडायचं आणि मगच खोडायचं. रेगे एखाद्या नास्तिकाचं मत सांगायला लागले की दोन पानं तुम्हाला वाटतं हेच यांचं मत, आणि तिसऱ्या पानावर हळूच 'पण' येतो. त्यांची वाक्यं लांब असतात, सुरुवातीला दम लागतो, पण ती वाक्यं घाईने तुमच्या अंगावर येत नाहीत, तुम्हाला हात धरून नेतात. हेच रेगे १९८३ साली पुण्यात संस्कृत पंडितांबरोबर बसले होते, तत्त्वज्ञ दयाकृष्ण वगैरे मंडळींनी मिळून तो संवाद घडवून आणला होता, आणि त्यात इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचा तर्कशास्त्रातला विचार संस्कृतात पंडितांसमोर ठेवून विचारलं होतं की तुमच्या न्यायशास्त्रातून, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातून, यावर काय म्हणाल. शिकवायला गेले नव्हते, विचारायला गेले होते. पंडितांनी भरभरून उत्तरं दिली. त्याचं पुस्तकही झालं. पश्चिमेचं खूळ इकडे आणायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

हे सगळं मला कॉलेजात असताना माहीत नव्हतं हे खरं. नंतर कळलं, आणि कसं कळलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याच त्या जुन्या कॉलेजात कामानिमित्त गेले होते, नाव लिहीत नाही. तत्त्वज्ञान विषय बंद झाला होता. विद्यार्थी कमी म्हणून सरांच्या नंतर पद भरलं नाही, पद नाही म्हणून विषय नाही, विषय नाही म्हणून विद्यार्थी येणार कुठून. लायब्ररीच्या मागच्या व्हरांड्यात पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले, रद्दीवाला दुपारी येणार होता. वरच्या गठ्ठ्यात मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे खंड, १९७४ साली दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली निघालेले तीन मोठे खंड, त्यातले दोनच होते. त्याच्या खाली 'नवभारत'चे बांधलेले अंक, लाल कापडाची पाठ, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा 'निर्लेखित', म्हणजे नोंदीतून काढून टाकलेलं, असा शिक्का. शिक्का मारताना हात घसरला असावा, तो अर्धा संपादकांच्या नावावर आला होता. मागच्या कव्हरला आतून तारखेची चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर शेवटची तारीख १९९७ ची, आणि त्याच्या वर ओळीने सहा तारखा एकाच अक्षरात, म्हणजे एकच कोणीतरी परत परत नेत होतं. ते अक्षर मी ओळखलं, सरांचं होतं. मी व्हरांड्यातच खाली बसले. क्लार्कने विचारलं मॅडम चक्कर आली का. रद्दीच्या भावाने मी 'नवभारत'चे दोन बांधीव खंड आणि महाकोशाचे दोन्ही खंड विकत घेतले, वजन करून, पावती घेऊन. रिक्षाने घरी आणले. रेगे आणि तर्कतीर्थ मी त्या खंडांमधून पहिल्यांदा नीट वाचले, वयाच्या पन्नाशीनंतर.

हे सगळं म्हातारीचं जुन्या आठवणीत रमणं वाटत असेल तर आत्ताचं सांगते. माझा भाचा पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेत असतो, स्पर्धा परीक्षा. २०१३ पासून यूपीएससीला एथिक्सचा वेगळा पेपर आहे, नीतिशास्त्र, सचोटी, वृत्ती असं सगळं. म्हणजे बघा, सरकारला अधिकारी घेताना नीतिशास्त्र विचारावंसं वाटतं, हजारो पोरं त्याच्या नोट्स झेरॉक्स करून पाठ करतात, आणि तालुक्याच्या कॉलेजात तो विषय शिकवणारा माणूस नाही. एका रात्री भाच्याचा फोन, आत्या, कांट चार ओळीत सांग ना. कांट म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ. मी म्हणलं चार ओळीत नको, एक गोष्ट सांगते. तुझा मित्र जीव वाचवायला पळत आलाय, तुझ्या घरात लपलाय, मारेकरी दारात येऊन विचारतो, तो इथे आहे का? खोटं बोलशील? म्हणाला अर्थात बोलणार. मी म्हणलं कांट १७९७ साली लिहिलेल्या एका निबंधात म्हणतो की नाही, तेव्हाही खोटं बोलण्याचा तुला हक्क नाही. भाचा म्हणाला हा काय माणूस आहे का. मग मी त्याला कौशिकाची गोष्ट सांगितली, महाभारतात कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो ती. कौशिक नावाचा ब्राह्मण, सत्यच बोलायचं असं व्रत. लोक चोरांच्या भीतीने पळत येऊन जवळच्या रानात लपले, मागून चोर आले, सत्यवादी म्हणून यालाच विचारलं, याने खरं सांगून टाकलं, चोरांनी त्या सगळ्यांना शोधून मारलं. आणि कौशिक मेल्यावर नरकात गेला. फोनवर थोडा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाला, आत्या, म्हणजे हा तोच प्रश्न आहे! हो बाबा, तोच प्रश्न, तिकडे कांट एका टोकाला आणि इकडे श्रीकृष्ण दुसऱ्या टोकाला, आणि आता तू तुझं सांग, आणि कारण सांग. पाऊण तास बोललो आम्ही. त्याने मला शेवटी विचारलेला प्रश्न असा, की कौशिकाने गप्प बसायचं होतं का, गप्प बसणं खोटं असतं का. हा प्रश्न त्याच्या नोट्समध्ये नव्हता.

आणि टिळकांच्या गीतारहस्यात तरी दुसरं काय आहे? १९१५ साली निघालेलं पुस्तक, मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, कितीतरी घरात देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं असतं. त्यात सुरुवातीलाच कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात हाच काथ्याकूट आहे, अहिंसा कुठपर्यंत, सत्य कुठपर्यंत, अपवाद कुठे, आणि त्यासाठी टिळक मनुस्मृती महाभारताबरोबर मिल, कांट, ग्रीन या पाश्चात्य तत्त्वज्ञांना समोर बसवतात, जिथे पटतं तिथे पटलं म्हणतात आणि जिथे नाही तिथे सरळ वाद घालतात. पत्र लिहिणाऱ्या काकांच्या घरी ते पुस्तक असणारच. एकदा त्या नजरेने उघडून बघावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आमच्या शाळेत माझ्याबरोबर एक बाई होत्या, बौद्ध घरातल्या. वर्षावासाच्या तीन महिन्यांत त्यांच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन असायचं, मी त्यांच्याबरोबर दोन तीनदा गेले होते. शेतमजूर बाया, एमआयडीसीतून शिफ्ट करून आलेले बाप्ये, म्हातारी माणसं, सतरंजीवर, एकजण वाचतोय आणि बाकीचे ऐकतायत. एके दिवशी जो भाग आला त्यात बाबासाहेब सांगतात की इतर धर्मांत देवाला जी जागा आहे ती धम्मात नीतीला आहे, नीती हाच धम्म. माझ्या पुढे एक आजी बसल्या होत्या, त्या वाचणाऱ्याला म्हणाल्या, परत वाच ते. त्याने परत वाचलं. मला माझा पहिला तास आठवला. सरांनी जो प्रश्न आम्हाला विचारला होता त्याचं एक पूर्ण उत्तर इथे सतरंजीवर बसून लोक ऐकत होते, आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाकडे शिकून आलेल्या माणसाने ते त्यांच्यासाठी लिहिलं होतं. हे तत्त्वज्ञान नाही तर काय आहे? पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात प्रदीप गोखल्यांसारख्यांनी आंबेडकरांचा, बौद्ध विचाराचा, चार्वाकांचा तत्त्वज्ञान म्हणून रीतसर अभ्यास केला, हे फार गरजेचं काम होतं. मला विचाराल तर ते आधीच व्हायला हवं होतं. आमच्या सिलॅबसमध्ये शंकराचार्य होते, कांट होता, आंबेडकर नव्हते, फुले नव्हते. ही या प्राध्यापक मंडळींची चूक आहे आणि ती चूक म्हणून मान्य केली पाहिजे. दुसरी चूक म्हणजे बायका. त्या सगळ्या बांधीव अंकांत नीतीवर लिहिणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या, आणि घरात नीती पाळायची जबाबदारी कोणावर असते ते सगळ्यांना माहितीय. तिसरं, भाषा फार जड केली काहींनी, संकल्पना, संप्रत्यय, अभ्युपगम, माझ्यासारखीला पण डिक्शनरी लागते. देशपांड्यांनी दाखवून दिलंय की सोपं लिहिता येतं.

अजून एका गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात होते, तिथे त्यांनी वेगवेगळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, आणि परत येऊन १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. धर्माचा अभ्यास करून आलेला माणूस अस्पृश्यांच्या वस्तीत कामाला जाऊन बसला. त्यांच्या नावाचा पूल पुण्यात ओंकारेश्वराजवळ आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी त्याच पुलावर नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मी त्या दिवशी शाळेत होते, आमच्या साताऱ्याचा माणूस, मुलांना काय सांगू सुचेना. पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, बाई, त्यांनी काय वाईट केलं होतं? मी त्याला म्हणलं, प्रश्न विचारत होते. तो म्हणाला, तुम्ही पण विचारता की. पत्र लिहिणारे काका असल्या कोणाच्या बाजूचे नाहीत हे मला पक्कं माहितीय. पण वर्गात सात पोरांसमोर शांतपणे वाद घालायची जागा आपण एकेक करून बंद करत गेलो तर तो वाद मग कुठे जाईल, रस्त्यावरच ना?

म्हणून माझं तुमच्याकडे, संपादक साहेब, एक मागणं आहे. तुमच्या पेपरात राशिभविष्याला रोज जागा असते, शेअर बाजाराला असते, शनिवारी एक पूर्ण पान मोबाईल आणि गाड्यांचं असतं. महिन्यातून एकदा अर्धं पान नीतीच्या प्रश्नाला द्या. एक प्रश्न घ्यायचा, रोजच्या जगण्यातला. आईला कॅन्सर झालाय हे तिला सांगायचं की नाही. मयताच्या दहाव्याला कर्ज काढून जेवण घालणं हा धर्म आहे का. सरकारी ऑफिसात फाईल हलावी म्हणून पैसे दिले तर पाप देणाऱ्याचं की घेणाऱ्याचं. त्यावर एक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक लिहितील, अजूनही आहेत चांगले लोक विद्यापीठांमधून, एक कोणी धार्मिक अभ्यासक लिहितील, कीर्तनकार असोत, मौलाना असोत, फादर असोत, भंते असोत, आणि एक साधा वाचक. अट एकच ठेवा, दुसऱ्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं, तो म्हणेल की हो असंच म्हणायचंय मला, आणि मगच आपलं सांगायचं. पहिला प्रश्न कौशिकाचा घेतला तरी चालेल, माझा भाचा लिहायला तयार आहे.

आणि त्या काकांना, त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही म्हणून तुमच्यामार्फत, एक निरोप. 'नवभारत'चे ते दोन खंड मी या पेपरच्या ऑफिसात आणून ठेवते. रेग्यांचे लेख आहेत त्या पानांवर मी कागदाचे तुकडे घालून ठेवलेत, वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्याला जरा जपून धरा. सावकाश वाचा, पटलं नाही तर पेन्सिलने बाजूला लिहा, मला ते वाचायला आवडेल. फक्त परत द्या, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने पण मागितलेत.

कळावे,
आपली एक वाचक,
निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा